महिनाभर तुमचे घर आमचे, आमचे तुमचे



उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मी मुलांना विचारतो, "सुट्टीत कुठे जाणार?" उत्तरे ठरलेली असतात. गावाला, मामाकडे, आखाजीला. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर न देता मलाच प्रश्न केला. "सर, गावात आता आमचे घर नाही. वाटणीत काकांकडे गेले. मग आम्ही जायचे कुठे?" दोन-तीन मुले हसली, पण बरीचशी गप्प झाली. कारण ही गोष्ट लिंबायतमध्ये एकट्या तिची नाही.

आपले आजोबा धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या गाडीत बसून इथे आले. मागावर उभे राहिले, एकेक खोली करत घर केले. गावचे घर तेव्हा 'आपले' होतेच. आता तिसरी पिढी शाळेत आहे. गावात घर एक आणि त्याचे वारस सात, अशी स्थिती. आखाजीला उधना स्टेशनावर गाडीत पाय ठेवायला जागा नसते हे खरे, पण जे गाडीत बसत नाहीत त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. पुण्याला किंवा नाशिकला चार दिवस जायचे म्हटले तर चार माणसांच्या लॉजच्या भाड्यातच महिन्याचा किराणा निघून जातो. आपली मुले गुजरात बोर्डाची पुस्तके मराठी माध्यमातून शिकतात, घरात अहिराणी बोलतात, आणि यातल्या कित्येकांनी रायगड किंवा अजिंठा फक्त चित्रात पाहिलेला असतो.

त्या मुलीच्या प्रश्नाला एक उत्तर जगात सत्तर वर्षांपासून चालू आहे. ते म्हणजे घरांची तात्पुरती अदलाबदल. तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो. पैशाचा व्यवहार नाही. ठरलेल्या दिवशी ज्याचे त्याच्या घरी परत.

ही युक्ती पद्धतशीरपणे सुरू करणारे लोक कोण होते, हे ऐकून आमच्या शिक्षक खोलीत मोठा आनंद झाला. ते शिक्षक होते! १९५३ साली युरोपातल्या काही शिक्षकांनी मिळून 'इंटरव्हॅक' नावाची संस्था काढली. शिक्षकाची सुट्टी लांब आणि पगार आखूड, हे सगळ्या जगात सारखेच. सहा आठवडे मोकळे आहेत पण हॉटेल परवडत नाही, तर दुसऱ्या देशातल्या तशाच शिक्षकाशी घर बदलावे, असा साधा हिशेब होता. त्या काळी छापील यादी निघे. ती पाहून पत्रव्यवहार करायचा, दोघांच्या तारखा जुळल्या की किल्ल्या द्यायच्या. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात 'होमएक्स्चेंज' सुरू झाले आणि पुढे हा सगळा व्यवहार संगणकावर आला. आता तर दोघांनी एकाच वेळी घर बदलले पाहिजे असेही राहिलेले नाही. तुम्ही तुमचे घर आज कोणाला तरी दिले की तुमच्या खात्यात गुण जमा होतात, आणि ते गुण वापरून पुढच्या वर्षी तिसऱ्याच कोणाच्या घरी राहता येते. आपल्या भिशीसारखेच म्हणा ना. आज घालायचे, पाळी आली की घ्यायचे.

पण खरी अडचण यादीची किंवा संगणकाची नसतेच. ती असते विश्वासाची. परक्या माणसाला घरात ठेवायचे, तेही आपण नसताना? कपाटे, देव्हारा, धान्याचे डबे, शेजारपाजार, सगळे त्याच्या हाती? 'इंटरव्हॅक'च्या शिक्षकांमध्ये निदान समान पेशाचा धागा होता. तो धागा जिथे सगळ्यात पक्का मिळतो अशी एक जागा आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

तिला 'को-हाउसिंग' म्हणतात. आपण सहनिवास म्हणू. याचा उगम डेन्मार्कचा. १९६४ साली यान गुडमन-होयर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने काही मित्रकुटुंबे जमवली. प्रत्येकाचे घर वेगळे, पण मध्ये एक सामाईक घर, अंगण एक, मुले सगळ्यांची, असा त्यांचा बेत होता. जागाही घेतली. आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला आणि तो बेत मोडला. (मुले फार होतील, गोंगाट होईल, ही भीती तिकडेही असते बरे का!) १९६७ साली बोडिल ग्रो या लेखिकेचा एक लेख वर्तमानपत्रात आला. मुलांना शंभर आईबाप असावेत, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. तो वाचून आणखी कुटुंबे पुढे आली आणि १९७२ मध्ये सेटेडामेन ही पहिली वसाहत उभी राहिली. पुढे मॅककॅमंट आणि ड्युरेट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ जोडप्याने डेन्मार्कमध्ये राहून हे सगळे पाहिले, १९८८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी अमेरिकेतली अशी पहिली वसाहत झाली.

अशा वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे स्वयंपाकघर असतेच. शिवाय सामाईक घरात मोठे स्वयंपाकघर, जेवणाची खोली, कपडे धुण्याची यंत्रे, मुलांची खेळायची जागा आणि बहुतेक ठिकाणी पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या असतात. आठवड्यातून काही दिवस सगळे एकत्र जेवतात, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. निर्णय बहुमताने हात वर करून नव्हे, तर शक्यतो सगळ्यांची समजूत पटवून घेतात. त्यात बैठका फार होतात आणि माणसे कंटाळतात, हेही खरे.

आता अशा एका वसाहतीतल्या कुटुंबाने दुसऱ्या वसाहतीतल्या कुटुंबाशी तीन आठवडे घर बदलले, तर काय होते पाहा. नुसती चार भिंतींची अदलाबदल होत नाही. येणाऱ्याला शेजार मिळतो, जेवणाच्या टेबलावर जागा मिळते, मुलांना पहिल्याच संध्याकाळी खेळगडी मिळतात. स्वयंपाकाच्या पाळीत नावही लागू शकते! उलट बाजूने, घरमालक निर्धास्त असतो, कारण त्याच्यामागे वीस-पंचवीस घरांचे डोळे तिथेच असतात. नळ गळला तर सांगायला माणूस आहे, आणि पाहुणा कसा वागतो हे न विचारताही कळते. शिवाय दोघांनाही सामाईक जगण्याची रीत ठाऊक असते. भांडी विसळून ठेवायची, रात्री आवाज करायचा नाही, सायकल जागेवर लावायची, हे शिकवावे लागत नाही. म्हणून अशा वसाहतींचे सभासद अनोळखी माणसापेक्षा दुसऱ्या सहनिवासातल्या सभासदाशी घर बदलणे पसंत करतात. मात्र एक अट असते. शेजाऱ्यांना आधी सांगावे लागते. घर तुमचे असले तरी अंगण सगळ्यांचे आहे.

आपल्या देशात याच्या जवळपास जाणारे उदाहरण पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलचे. १९६८ साली वसलेल्या या गावात घरे व्यक्तीच्या मालकीची नसतात, संस्थेची असतात. त्यामुळे कोणी काही महिने परगावी गेले की त्या घरात दुसऱ्याने राहून ते सांभाळायचे, अशी रीतच तिथे पडली आहे. नव्याने आलेली माणसे अशी एकामागून एक घरे सांभाळत गाव समजून घेतात. आपल्या मराठी माणसांत सहकारी वसाहतींची परंपरा आहेच. मुंबईत वांद्रे पूर्वेला साहित्यिकांनी एकत्र येऊन 'साहित्य सहवास' उभा केला. सचिन तेंडुलकर तिथेच लहानाचा मोठा झाला, कारण त्याचे वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि प्राध्यापक होते. तिथे सामाईक स्वयंपाकघर नव्हते, पण एकमेकांना ओळखणारी माणसे ठरवून शेजारी राहायला गेली, हा मूळ मुद्दा तोच.

साने गुरुजींची 'आंतरभारती' इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या या माणसाची इच्छा होती की एका प्रांतातल्या माणसांनी दुसऱ्या प्रांतातल्या माणसांची भाषा शिकावी, त्यांच्यात मिसळावे. त्याच विचाराने पुढे एस. एन. सुब्बराव यांनी बाल आनंद महोत्सव भरवले. त्यात निरनिराळ्या राज्यांतली मुले शिबिराच्या गावी स्थानिक कुटुंबांच्या घरी मुक्काम करत. अदलाबदलीपेक्षा हा पाहुणचार अधिक, पण परक्या घरात झोपलेले मूल परत येते तेव्हा ते घर परके राहिलेले नसते, हे त्यात दिसते.

असो. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती फारशी शोभेची नाही, पण उपयोगाची आहे.

२०११ च्या मे महिन्यात मला गावी तीन आठवडे राहायचे होते. शेताची मोजणी निघाली होती आणि सरकारी मोजणीची तारीख पुढे-मागे होते हे तुम्ही जाणताच. वाटणीनंतर गावात आम्हाला शेताचा तुकडा उरला होता, घर नव्हते. चुलतभावाकडे दोन दिवस ठीक, तीन आठवडे बायको-मुलांसह कसे राहणार? त्याच सुमारास गावातल्या एका वर्गमित्राच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सुरतेत ठरले. डॉक्टरांनी दोन-तीनदा तपासणीला बोलावले होते. म्हाताऱ्या माणसाला दर वेळी सहा-सात तासांचा प्रवास नको, म्हणून त्यांना इथे खोली हवी होती. फोनवर बोलता बोलता तोच म्हणाला, "तू माझ्या घरात राहा, आम्ही तुझ्या घरात राहतो." पाच मिनिटांत ठरले. कागद नाही, काही नाही. बालपणीचा मित्र, त्यात कागद कसला?

गावी आम्ही पोहोचलो तेव्हा मित्राने सगळ्या आळीला सांगून ठेवले होते. पहिल्या रात्री तीन घरांतून जेवण आले. कळण्याच्या भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी. एका म्हाताऱ्या आजीने दारात उभे राहून "कव्हय उनात?" एवढेच विचारले आणि माझ्या मुलीच्या हातावर गूळ ठेवला. आम्ही कोण, किती दिवस, कशाला, हे कोणी विचारले नाही. सगळ्यांना ते आधीच ठाऊक होते.

इकडे लिंबायतमध्ये मी काय केले होते? किल्ली दिली होती. बस्स. गल्लीत एकालाही सांगितले नव्हते.

आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळी येते, खालच्या टाकीतून मोटरने वर चढवावे लागते. मोटर किती वेळ चालवायची हे सांगायचे मी विसरलो. चौथ्या दिवशी मित्राच्या पत्नीने मोटर लावली, तेवढ्यात काकांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली. वरची टाकी भरून वाहू लागली आणि सगळे पाणी शेजारच्या भिंतीवर गेले. शेजाऱ्यांनी महिन्यापूर्वीच त्या भिंतीला रंग दिला होता. ते तावातावाने आले. दारात अनोळखी माणसे. "तुम्ही कोण? कोणाला विचारून राहता इथे? घरवाले कुठे आहेत?" आवाज चढला, लोक जमले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले काका ओट्यावर बसून ते ऐकत होते. संध्याकाळी मित्राचा फोन आला. काका म्हणतात, सामान बांधा, डोळा गेला तरी चालेल, पण चोरासारखे राहायचे नाही.

माझ्या बायकोने तो फोन ऐकला आणि मला म्हणाली, "चूक शेजाऱ्यांची नाही, तुमची आहे." खरेच होते. शेजाऱ्यांनी जे केले ते चांगला शेजारी करतोच. बंद घरात परकी माणसे दिसली तर विचारणारच. मी रात्रीच त्यांना फोन करून सगळे सांगितले, रंगाचे पैसे देईन म्हणालो. ते पैसे त्यांनी पुढे कधी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी चहाचा थर्मास घेऊन काकांकडे गेल्या. शेवटच्या तपासणीला तर शेजारीच काकांना रिक्षातून घेऊन गेले. मित्राच्या पत्नीने आमच्या गच्चीवर बिबड्या घातल्या तेव्हा गल्लीतल्या चार बायका हात लावायला आल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळले, कारण आमच्याही डब्यात त्या बिबड्या होत्या.

आमच्या हातूनही गावी चूक झाली. धान्याच्या कोठीचे झाकण नीट लावले नाही, उंदीर शिरले. ते मी मित्राला तिथेच फोनवर सांगून टाकले आणि निघण्याआधी पोतेभर ज्वारी भरून ठेवली.

त्यानंतर आम्ही दोघांनी अशी अदलाबदल आणखी दोनदा केली, आणि आता ती कशी करतो ते सांगतो. गल्लीत दोन्हीकडच्या चार-चार घरांना आधी सांगतो, जमल्यास पाहुण्यांच्या आगमनाच्या दिवशी स्वतः थांबून ओळख करून देतो. सोसायटी असेल तर सेक्रेटरींना चार ओळींचे पत्र देतो. कोण येणार, किती माणसे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि भाडे घेतलेले नाही. परगावचे लोक महिनाभर राहणार असतील तर पोलीस चौकीत विचारून ठेवणेही बरे, कारण भाडेकरूंची माहिती द्यावी लागते आणि 'भाडेकरू नाही, पाहुणे आहेत' हे आपण आधी सांगितलेले चांगले. एक वही घरात दारामागे टांगलेली असते. पाणी कधी येते, मोटर किती मिनिटे, गॅसची दुसरी बाटली कुठे, कचऱ्याची गाडी कधी, ओळखीचे डॉक्टर कोण, प्लंबर कोण. दागिने आणि कागदपत्रे एका कपाटात कुलूपबंद किंवा बँकेत. लाइट बिल जो राहील त्याने भरायचे. काही फुटले तर लपवायचे नाही, सांगायचे.

पैसे मात्र मध्ये आणायचे नाहीत. 'थोडेसे भाडे घ्या' असा आग्रह होतो, पण पैसा आला की तो पाहुणा राहत नाही, भाडेकरू होतो, आणि मग भांडणे आणि कायदे दोन्ही मागे लागतात. आपल्यापैकी बरेच जण स्वतःच भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी घरमालकाची परवानगी घेतल्याशिवाय असे काही करू नये, हे स्पष्ट सांगतो.

काही पालक म्हणतील, आमची एक खोली, ती कोण घेणार? पुण्या-मुंबईचे लोक लिंबायतला येऊन राहतील का? मलाही ही शंका होती. पण अदलाबदल पुण्याच्या बंगल्याशीच करायची असे कोणी सांगितले? नाशिक, जळगाव, धुळ्यातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबालाही सुट्टी असते आणि लॉज त्यांनाही परवडत नाही. रिंग रोडवरच्या कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला खानदेशातून किती माणसे येतात ते आपण पाहतोच. त्यांना दोन रात्रींऐवजी आठ दिवस राहता आले तर डुमसचा समुद्र, तापीकाठचा जुना किल्ला, थंडीतला पोंक, चांदनी पडव्याची घारी, सगळे होईल. (महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा 'आम्ही सुरत लुटायला आलो' हा विनोद करतोच. तो ऐकून हसायची तयारी ठेवावी.) आणि खोली लहान असली तरी ओटा मोठा आहे, गल्ली मोठी आहे. डेन्मार्कच्या लोकांना जे सामाईक घर मुद्दाम बांधावे लागले, ते आपल्याकडे गणपतीच्या मांडवाखाली आणि लग्नाच्या पंगतीत दरवर्षी आपोआप उभे राहते. नाही ते एवढेच की पाहुणा येणार आहे हे सगळ्यांना आधी सांगायची सवय.

इच्छुक पालकांसाठी शिक्षक खोलीत एक वही ठेवली आहे. त्यात कुटुंबातील माणसे, घर स्वतःचे की भाड्याचे, कोणत्या सुट्टीत रिकामे, आणि कुठे जायची इच्छा आहे, एवढेच लिहायचे. फोन नंबर वहीत लिहू नये, तो माझ्याकडे तोंडी द्यावा. दोन्ही कुटुंबांची एकदा प्रत्यक्ष किंवा फोनवर भेट झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. पहिली अदलाबदल आठ दिवसांपेक्षा मोठी करू नये. आणि कानबाईच्या सुमारास, म्हणजे श्रावणात, गावी जायचे असेल तर तळमजल्याच्या घरांनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे की मिठी खाडीला पूर आला तर सामान पलंगावर चढवावे लागते, आणि वरच्या मजल्यावर कोणाचे दार वाजवायचे.